नियंत्रण गटातल्या अकरा शेळ्या

प्रति,
मा. प्रकल्प प्रमुख,
शेळी-मेंढी जंत संशोधन व नियंत्रण प्रकल्प,
अहमदपूर, जि. लातूर.

अर्जदार : धुरपताबाई मारोती तेलंगे, वय अंदाजे ५८, धंदा शेती व शेळीपालन, रा. मौजे पिंपळटाका, ता. अहमदपूर.
अर्ज लिहून देणार : ऋतुजा तेलंगे, अर्जदाराची सून. अर्जदार सांगते तसे लिहिले आहे, शब्द मऊ केलेले नाहीत.

विषय : अर्जदाराच्या उरलेल्या सात शेळ्यांना जंताचे औषध पाजण्याची परवानगी तात्काळ मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपले संमतीपत्र, दि. ९ जून २०२५.
२) अर्जदाराचे दि. २४ सप्टेंबर व दि. १३ ऑक्टोबरचे अर्ज. उत्तर नाही.
३) आपले पत्र, दि. ३ नोव्हेंबर २०२५. उत्तर आहे, पण ते आलेच नसते तर बरे झाले असते.

महोदय,

१. अर्जदार धुरपताबाई हिचे माहेर कंधार तालुक्यातले. लग्नात बापाने तिला एक काळी पाठ, म्हणजे अजून न व्यालेली तरणी शेळी, आंदण दिली. भांडी फुटली, पातळे विरली, बापही गेला. पण त्या पाठीचा वंश चाळीस वर्षे अर्जदाराच्या दारात नांदतो आहे. आईची लेक, लेकीची लेक, अशी ही सरळ ओळ आहे. जून महिन्यात या ओळीतल्या अकरा शेळ्या दावणीला होत्या. आज सात आहेत. बाजारात शेळी केव्हाही मिळते. वंश बाजारात मिळत नाही, एवढे ध्यानात घेऊन पुढचे वाचावे.

२. अर्जदार संशोधनाच्या आड येणारी बाई नाही. उलट आपला प्रकल्प पिंपळटाक्याला आला तो तिच्याच तोंडामुळे. दोन वर्षांपूर्वी ग्रामसभेत सगळ्यांच्या देखत तीच उभी राहून म्हणाली होती, "दवाखान्यातलं पांढरं औषध पाजून पाजून आमचे हात दुखले. जंत काही मरून न्हाईत राहिले. औषध पिऊन माजून राहिलेत!" गडीमाणसे हसली. पण आपल्या कार्यालयातला एक माणूस मागे बसला होता, त्याने ते वहीत टिपून घेतले. तो म्हणजे सुदर्शन सर, आपले क्षेत्र सहायक.

सुदर्शन सरांनीच पुढे समजावून दिले की चूक अर्जदाराचीही आहे. गावात सगळ्या बायका औषध झाकणाने पाजतात. बाटलीचे एक झाकण, मग पुढ्यात करडू असो की बोकड. मोठ्या जनावराला ते कमी पडते, जंत अर्धमेला होऊन वाचतो आणि वाचलेल्याची अवलाद औषधाला दाद देत नाही. अर्जदाराने ही चूक सभेत कबूल केली. त्या दिवसापासून ती वजनाशिवाय थेंबही पाजत नाही. अडाणी बाईने आपली चूक एका दिवसात मान्य केली, हे आपण पुढे आपल्या कार्यालयाशी ताडून पाहावे.

३. दि. ९ जून रोजी मारुतीच्या सभामंडपात चिठ्ठ्या काढण्यात आल्या. स्टीलच्या तांब्यात चिठ्ठ्या होत्या. निम्म्यांवर 'उपचार गट' आणि निम्म्यांवर 'नियंत्रण गट' असे लिहिलेले होते. मागे भिंतीवर आपला फलक टांगलेला होता, त्यावर हातभर अक्षरात 'जंत नियंत्रण प्रकल्प'. अर्जदाराच्या चिठ्ठीवर 'नियंत्रण' निघाले. शेजारीण पंचफुला हिच्या चिठ्ठीवर 'उपचार' निघाले, तर ती बाई रडायला लागली. "माझ्या शेळ्या ठणठणीत हायेत की हो! मला उपचार कशाला? मला नियंत्रण द्या!" अर्जदाराला ती म्हणाली, "अक्का, बदलून घे की गं." अर्जदाराने चिठ्ठी कमरेला खोचली आणि म्हणाली, "मारुतीनं दिलेलं कोण बदलतं का, बाई?" पारावरून कोणीतरी ओरडले, "अक्का, नियंत्रण म्हणल्यावर तुझ्या शेळ्यास्नी आता दोनच पिल्लं बरं का!" सगळा मंडप हसला. सुदर्शन सरही हसले. त्या हसण्यात त्यांनी एक वाक्य जास्तीचे बोलायला हवे होते, ते बोलले नाहीत.

अर्जदाराने त्या दिवशी मारुतीला नारळ फोडला. तो नारळ कशाचा होता, ते तिला चार महिन्यांनी कळले.

४. त्यानंतर दर महिन्याला सुदर्शन सर येत गेले. शेळीला काट्यावर चढवायचे, लेंड्या घेऊन पिशवीत बांधायच्या, डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग रंगाच्या कार्डाशी ताडायचा. कार्डावर पाच रंग आहेत. पहिला डाळिंबाच्या दाण्यासारखा, पाचवा कागदासारखा. पहिला म्हणजे अंगात रक्त आहे, पाचवा म्हणजे जंतांनी पिऊन टाकले आहे. हे सगळे अर्जदाराला त्यांनीच शिकवले. मग ते पिचकारीने पिवळे पाणी शेळीच्या घशात सोडत. अर्जदार शेळीचे तोंड धरी आणि म्हणे, "पी गं माय, सरकारचं हाय."

आषाढ सरता सरता पापण्यांचा रंग उतरत गेला. अर्जदाराला तो कार्डाशिवाय दिसत होता. जुलैत तीन होते, ऑगस्टात चार झाले. बोरीच्या जबड्याखाली पाणी उतरून पिशवी लोंबायला लागली. अर्जदार म्हणाली, "सर, औषध लागू होईना झालंय. पापणी बघा की." सरांनी पापणी पाहिली, वहीत 'पाच' लिहिले आणि त्याच हाताने पुन्हा पिवळे पाणी पाजले. दि. १९ ऑगस्टला बोरी गेली. दि. २ सप्टेंबरला भुंडी गेली, पोटात दोन करडे घेऊन. दि. २१ सप्टेंबरला चांदणी गेली. दि. ८ ऑक्टोबरला थोरली काळी गेली. तिने मरताना अर्जदाराच्या पायावर मान टाकली होती. हे आपल्या कोणत्या रकान्यात बसते ते अर्जदाराला ठाऊक नाही, पण लिहायला सांगितले म्हणून लिहिले.

पलीकडे पंचफुलाच्या शेळ्या मात्र उड्या मारत होत्या. पंचफुला रोज कुंपणावरून विचारी, "अक्का, तू त्यास्नी पोटभर चारतीस का न्हाई?" चाळीस वर्षे शेळ्या राखलेल्या बाईला हे ऐकून घ्यावे लागले. तिने स्वतःच्या तोंडचा घास कमी करून शेळ्यांना भरडा घातला. आपण शेळ्यांच्या पोटात जंत पाळत होता आणि अर्जदार त्यांना भरडा खाऊ घालत होती.

५. चांदणीच्या मृत्यूची नोंद आपल्या रजिस्टरात 'वय ८ वर्षे, कारण : वार्धक्य' अशी आहे. अर्जदाराने हरकत घेतली तेव्हा विचारण्यात आले, "जन्माची लेखी नोंद हाय का?" अर्जदाराला लिहिता येत नाही. पण तिच्या दावणीला जन्मलेल्या प्रत्येक करडाची ओवी तिने रचलेली आहे, आणि ती घरात, शेजारात सगळ्यांना पाठ आहे. चांदणीची ओवी पुराव्यादाखल खाली देत आहोत :

पोळ्याच्या ग करीला, काळीला झाली जुळी,
एकीच्या कपाळाला चंद्रकोर ग कोवळी.

ही कर, म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस, मागल्या वर्षीची. म्हणजे चांदणी मेली तेव्हा तिला वर्ष पुरे होऊन अठरा दिवस झाले होते. या ओवीत तिथी आहे, आईचे नाव आहे, जुळ्याची नोंद आहे आणि ओळखीची खूण आहे. आपल्या रजिस्टरात यातले एकही नाही. तेथे फक्त क्रमांक आहे आणि खोटे वय आहे. वर्षाच्या पाठीला म्हातारी ठरवून पुरणाऱ्या कार्यालयाने ओवीला 'कागदोपत्री पुरावा नाही' म्हणावे, याची अर्जदाराला चीड येते.

६. ऑक्टोबरच्या भेटीत सुदर्शन सर पिवळ्या पाण्याची अर्धी बाटली ओसरीवर विसरून गेले. ती परत करायला म्हणून अर्जदार अहमदपूरला आली. आपले कार्यालय दुपारी बंद होते. वाटेत मुज्तबाभाईंचे जनावरांच्या औषधांचे दुकान लागते. त्यांचे वडीलही हाच धंदा करत, म्हणून अर्जदार टेकली. मुज्तबाभाईंनी बाटली हुंगली आणि बोटावर एक थेंब घेऊन जिभेला लावला. मग म्हणाले, "मावशी, जंताची औषधं मी बचपनपासून हाताळून राहिलो. एकबी गोड न्हाई. हे रंगाचं पाणी हाय."

अर्जदार त्यांच्यावरच खेकसली. "तुमचा माल खपावा म्हणून बोलता व्हय? सरकारचा माणूस पाणी पाजंल का?"

मुज्तबाभाईंनी वाद घातला नाही. त्यांनी अर्जदाराच्या पिशवीतले आपले संमतीपत्र मागून घेतले, दोनदा वाचले, घडी घातली आणि म्हणाले, "मावशी, पाणीच पाजणार असं यात लिहिलंय. फक्त तुम्हाला कळंल असं न्हाई लिहिलं."

७. दुसऱ्या दिवशी सुदर्शन सर बाटली न्यायला आले तेव्हा अर्जदाराने बाटली दिली नाही, त्यांना दारातच धरले. ते खाली बघून म्हणाले, "मावशी, नियंत्रण गट म्हणजे ज्याला औषध द्यायचं न्हाई तो गट. औषध दिलेल्या आणि न दिलेल्या शेळ्यांत फरक किती पडतो ते बघायचं असतं. शास्त्रात तसंच म्हणतात."

महोदय, शास्त्रात काय म्हणतात ते शास्त्रात म्हणा. पिंपळटाक्यात आणि आपल्या स्वतःच्या सरकारात नियंत्रण म्हणजे आवर घालणे. कीड नियंत्रण म्हणजे कीड मोकाट सोडणे नव्हे. हिवतापाच्या नियंत्रणाला जी माणसे येतात ती डास पाळून जात नाहीत. पोलीस नियंत्रण कक्षाला फोन लावला तर ते चोराला अंगणात आणून बसवत नाहीत. आपल्याच फलकावर 'जंत नियंत्रण' याचा अर्थ जंत मारणे, आणि त्याच फलकाखालच्या तांब्यातल्या चिठ्ठीवर 'नियंत्रण' याचा अर्थ जंत वाढू देणे! एका भिंतीवर एका शब्दाला दोन तोंडे. त्यातले एक सरकारला दाखवायचे आणि दुसरे अर्जदाराच्या शेळ्यांचे रक्त प्यायचे. अशा दुतोंड्याला आमच्याकडे काय म्हणतात ते ऋतुजाने लिहायला नकार दिला आहे.

'बिनऔषधी गट' असे चार साधे शब्द—अर्जदार मोजायला चुकली असेल, दोनच आहेत—चिठ्ठीवर लिहिले असते, तर गावात एकही बाई नारळ घेऊन धावली नसती. म्हणूनच ते लिहिले नाही काय, याचा खुलासा व्हावा.

८. त्यानंतर अर्जदार गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी शेळीच्या कानातला पिवळा बिल्ला पाहिला आणि हात मागे घेतला. "बिल्ल्याच्या जनावराला औषध देऊ नका असं पत्र हाय, बाई. माझी नोकरी जाईल." स्वतः पाजावे तर संमतीपत्राच्या कलम सहाप्रमाणे बाहेरचे औषध देणारी व्यक्ती पाच वर्षे कोणत्याही योजनेला अपात्र. म्हणजे डॉक्टरने पाजायचे नाही, मालकिणीने पाजायचे नाही, आणि ज्यांनी पाजायचे ते पाणी पाजतात. शेळीने आता स्वतः अहमदपूरला येऊन अर्ज करावा काय?

तिसऱ्या अर्जाआधी कसेबसे आपले पत्र आले. ऋतुजाने ते अर्जदाराला वाचून दाखवले. त्यात लिहिले आहे : "नियंत्रण गटातील मृत्यू अपेक्षित मर्यादेत आहेत. अभ्यास दि. ३१ डिसेंबरपर्यंत चालू राहील. आपल्या सहकार्याबद्दल आभार."

अर्जदाराने 'अपेक्षित' हा शब्द तीनदा वाचायला लावला. अपेक्षित म्हणजे आधीपासून ठाऊक असलेले. अर्जदार पी गं माय म्हणत तोंड धरत होती तेव्हा आपणास ठाऊक होते. भुंडीच्या पोटात दोन जीव हलत होते तेव्हा ठाऊक होते. आपण वाट बघत होता, आणि मर्यादेत मेल्या म्हणून आभार मानता. यमाच्या घरूनही असे पत्र येत नाही. तो निदान आभार मानत नाही.

९. एवढे होऊनही अर्जदार सांगते की आपला अभ्यास खोटा नाही. पंचफुलाच्या शेळ्यांकडे बघितले की नवे औषध लागू पडते हे तिला दिसते, आणि न पाजलेल्या शेळ्या शेजारी असल्याशिवाय ते पटले नसते हेही तिला कळते. आपण घरी येऊन, खाली बसून सांगितले असते की "धुरपताबाई, चार गावच्या शेळ्या वाचवायच्या तर काहींना बिनऔषधी ठेवावे लागेल, पापणी पांढरी झाली की त्याच दिवशी आम्ही औषध देऊ," तर अर्जदाराने दोन शेळ्या स्वतः सोडून दिल्या असत्या. काळीला विचारून दिल्या असत्या. देणारीच्या हातून घेतले असते तर ते दान झाले असते. आपण ते चिठ्ठीतून काढून घेतले.

१०. सबब विनंती की,
(अ) उरलेल्या सात शेळ्या नियंत्रण गटातून आजच्या आज मुक्त कराव्यात;
(ब) चांदणीचे वय रजिस्टरात दुरुस्त करावे;
(क) गावातल्या नियंत्रण गटाच्या बाकी पाच घरांना मारुतीच्या मंडपात बोलावून, त्याच फलकाखाली उभे राहून, साध्या मराठीत खरे सांगावे.

११. येथपर्यंत काल दिवस मावळायला लिहून झाले होते. सकाळच्या गाडीने ऋतुजा अर्ज घेऊन येणार होती. आज उजाडता लिंबी उठली नाही. लिंबी ही चांदणीची जुळी बहीण. पुढचे पाय दुमडून बसली ती बसलीच. अर्जदाराने पापणी ओढली. कार्डाची गरज पडली नाही. लिंबी गाभण आहे. तीही अपेक्षित मर्यादेत आहे काय, हे विचारायला अहमदपूरला जाऊन परत येईपर्यंत ऊन डोक्यावर आले असते.

म्हणून कळविण्यात येते की, आज दि. १३ नोव्हेंबर रोजी सकाळी अर्जदाराने सातही शेळ्यांना औषध पाजले. पंचफुलाच्या शेळ्यांना जे लागू पडले त्याच जातीचे, मुज्तबाभाईंच्या दुकानातून आधीच आणून ठेवलेले. त्यांनी गाभण जनावराला चालते याची खात्री करूनच दिले होते. झाकणाने पाजले नाही. ऑक्टोबरात आपल्याच काट्यावर भरलेल्या वजनाप्रमाणे, पिचकारीवरची रेघ बघून, एकेकीला पाजले. तोंड पंचफुलाने धरले. लिंबीने अर्धे सांडले, तिला तेवढे पुन्हा दिले. कलम सहा अर्जदाराला मान्य आहे. पाच वर्षे योजना देऊ नये.

विषय परवानगीचा होता. तो खोडून अर्ज नव्याने लिहायला वेळ नाही. परवानगी आलीच, तर ती आपल्या फाईलीला लावावी. शेळ्यांनी गिळले आहे.

कालपर्यंत आपली नम्र,

धुरपताबाई मारोती तेलंगे
(निशाणी डाव्या हाताचा अंगठा)
मौजे पिंपळटाका
दि. १३ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) संमतीपत्राची प्रत, कलम सहाखाली रेघ मारून.
२) पिवळ्या पाण्याची अर्धी बाटली. आपण स्वतः चाखून पाहावी.
३) सात शेळ्यांची नावे, वजने व पाजलेल्या औषधाचे माप.
४) सात शेळ्यांच्या लेंड्या, सात पिशव्यांत, औषध पाजण्याआधी घेतलेल्या, प्रत्येक पिशवीवर नाव. थंड जागी ठेवाव्यात, नाहीतर त्यातली जंताची अंडी फुटतात आणि मोजणी चुकते. चौदा दिवसांनी पुन्हा घ्यायच्या असतात. तेव्हा माणूस पाठवावा. अर्जदार दारात असेल, आणि लिंबी जगली तर तीही.